मागून ढकलणारी गाडी

कोर्पीलाम्पी, १२ जानेवारी

रेयो,

पत्र उघडलंस म्हणजे निम्मं काम झालं. फोन तू उचलत नाहीस, आणि त्या यंत्रावर निरोप ठेवायला गेले की मी आपली तोंडातल्या तोंडात पुटपुटते. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

आता मुद्द्याचं. आज मी गाडी गोठ्यातून बाहेर काढली. कुठली म्हणून विचारू नकोस, आपल्या घरात 'गाडी' म्हटलं की एकच. बाबांनी ओउलूच्या डॉक्टरकडून घेतलेली ती निळी जर्मन स्पोर्ट्स सेडान, चार दारांची, लांब नाकाची, जिचा सगळा जोर मागच्या चाकांत. नऊ हिवाळे ताडपत्रीखाली होती. उंदरांनी एअर फिल्टरमध्ये संसार थाटला होता, त्यांना बाहेर काढताना मलाच वाईट वाटलं. जुनं पेट्रोल काढलं, बॅटरी चार्ज केली, किल्ली फिरवली. पहिल्यांदा खोकली. दुसऱ्यांदा खोकली. तिसऱ्यांदा अशी काही गरजली की पेन्ती हूस्कोचा कुत्रा पलीकडच्या अंगणातून पायरीखाली जाऊन बसला.

तुला विचारत नाहीये, सांगतेय. पण सांगायला हवंच, कारण गाडी उलटली तर जीव वाचवणारा आतला लोखंडी पिंजरा तू वेल्ड केलास, आणि बॅटरी डिकीत न्यायची युक्ती बाबांची असली तरी बर्फावर पाठ टेकून वायर ओढलीस ती तूच. म्हणजे निम्मी तुझी. ती मी या लास्कियाइनेनच्या सणाच्या रविवारी तळ्यावरच्या शर्यतीत उतरवणार आहे.

नियम तोच आहे. क्लबाने बाकी सगळं बदललं, आता टपरीवर बिनमांसाचं सॉसेजसुद्धा मिळतं, पण टोपी तीच. उतरलेली प्रत्येक गाडी ठरलेल्या एकाच किमतीला विकाऊ. परवाना असलेल्या कोणीही टोपीत चिठ्ठी टाकावी, क्लबाच्या हिल्काने सगळ्या चिठ्ठ्या कर्ण्यावर वाचाव्यात, मग एक उचलावी, आणि ज्याचं नाव निघेल त्याच्या हातात तिथल्या तिथे किल्ली. नाही म्हटलं तर परवाना जातो. परवान्याचं एक वेळ सोड, पण मग दुकानात दूध आणायला गेलं तरी लोक खालून वर बघतात.

म्हणजे काय ते तुझ्याइतकं कोणाला कळणार? नीट चालवली तर ती जाईल. वाईट चालवली तर राहील. मी नीट चालवणार आहे.

हरकत असेल तर शर्यतीच्या आधी कळव. नाही कळवलंस तर होकार समजेन. तिकडे थंडी कशी आहे हे विचारत नाही, तुर्कूला थंडी नसतेच, चिखल असतो.

सायमी
(तुझी थोरली बहीण, विसरला असशील म्हणून)

⁂

कोर्पीलाम्पी, २६ जानेवारी

रेयो,

उत्तर नाही. बरं. मी काही वाट बघत बसले नव्हते, मला कामं आहेत. पहाटे बर्फ लोटायचा ट्रक, दुपारी तळं.

तळ्यावर बर्फ हातभराहून जाड आहे. ट्रकनेच मी सरावाचा रस्ता काढला, नगरपालिकेला सांगू नकोस. पहिल्या दिवशी गाडी माझ्याशी बोलायलाच तयार नव्हती. जरा रेस दिली की मागची चाकं जागच्या जागी फिरायची आणि शेपटी उजवीकडे निघून जायची, जणू तिला दुसरीकडे काम आहे. तीनदा उलटं तोंड झालं. चौथ्यांदा नाक कडेच्या बर्फात गेलं आणि फावड्याने काढावं लागलं. मी एकटीच होते, तरी मागे वळून बघितलं, कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून.

पाहिलं होतं. पेन्ती मासे धरायच्या भोकापाशी पालथ्या बादलीवर बसला होता.

"काय गं सायमे, बर्फ मोजतेस का?" म्हणाला.

"तुझी कबर खणतेय. माप घ्यायला ये."

"अगं, या गाड्या उन्हाळ्यासाठी असतात. तुझ्या बापाला चाळीस वर्षं सांगतोय. घोडा गाडीच्या पुढे बांधतात, मागे नाही."

तुला माहीत आहे ना, हा माणूस चाळीस वर्षं तेच एक वाक्य बोलतोय. मागच्या चाकांवर वजन म्हणून बाबा वाळूची दोन पोती डिकीत टाकून याच गाडीने कायानीच्या दवाखान्यात पोहोचायचे, पेन्तीची पुढून ओढणारी गाडी खंदकात रुतलेली असायची आणि दोर लावून तिला ओढायची हीच. तरी वाक्य तेच. मी म्हटलं, "लास्कियाइनेनला बघू घोडा कुठे असतो ते." तो हसला आणि एक मासा माझ्याकडे फेकला. चांगला होता, रात्री तळला.

पण परवापासून ती बोलायला लागली आहे. बाबा सांगायचे तसं केलं. वळण यायच्या बरंच आधी रेसवरून पाय उचलायचा, म्हणजे वजन नाकावर येतं. स्टेअरिंग एवढंसं आत, शेपटी सुटते. सुटली की घाबरायचं नाही, ब्रेकला तर पायही लावायचा नाही, फारच वाटलं तर देवाला हात जोडायचे. स्टेअरिंग उलट फिरवायचं आणि रेस द्यायची, हळू, अंड्यावर पाय ठेवल्यासारखी. मग ती आडवी होते आणि आडवीच पुढे जाते. तू बाजूच्या खिडकीतून रस्ता बघतोस आणि गाडी तुझं ऐकते. स्टेअरिंगने नाही रे, पायाने वळते ती.

काल मी अख्खं तळं तशी फिरले. शेपटी कडेच्या बर्फाला घासत होती, मागे पांढरा धूर उठत होता, आणि मी हेल्मेटमध्ये वेड्यासारखी हसत होते. एक्केचाळीस वर्षांची बाई. तुला पाहायला मिळायला हवं होतं. तुझ्यापेक्षा बरी चालवते मी आता. हे पत्र फाडलंस तरी ते खरंच राहील.

सायमी

⁂

कोर्पीलाम्पी, ९ फेब्रुवारी

रेयो,

आज बाबांबद्दल लिहिणार आहे. ठेवून द्यायचं असेल तर इथेच ठेव.

बाबा वृद्धाश्रमात बरे आहेत. डोळे मात्र आता जवळजवळ गेले. खिडकीकडे तोंड करून बसतात आणि रस्त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी आवाजावरून ओळखतात, नर्सशी पैज लावतात. दोनच्या कॉफीला मी घरचं भाजलेलं चीज नेते, ते तुकडे करून कॉफीत बुडवतात आणि नर्सला म्हणतात, हे तुमच्या औषधापेक्षा गुणकारी.

परवा मी गाडी ट्रेलरवर घालून वृद्धाश्रमाच्या अंगणात नेली. खिडकी उघडायला लावली आणि तिथेच इंजिन चालू केलं. रेस दिली. आतून दोन म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, एक म्हातारी रडायला लागली, मुख्य नर्स धावत आली. मी माफी मागितली, पण मनापासून नाही. वर गेले तर बाबा कॉलरचं बटण लावून, केस विंचरून बसलेले. पाहुणे यायचे असल्यासारखे.

"कोण चालवणार?" त्यांनी विचारलं.

"मी."

"हं." मग म्हणाले, "सुरुवातीला मागे पडशील. सगळे ओढून निघून जातील. जाऊ दे त्यांना. दुसऱ्या फेरीला बर्फ घासून काच होतो, तिथे ते सरळ जातात नि तू वळतेस."

"माहीत आहे बाबा."

"आणि चिठ्ठ्या मोज. तिला चारच्या वर चिठ्ठ्या कधी पडल्या नाहीत. बर्फात मागून ढकलणारी कोणाला हवी? मला एकदा ऐकायचंय, किती जणांना हवीय ती."

तुला आठवतं, बाबांना जिंकण्याचं कधी काही वाटलं नाही. कप सगळे आईने बटणं ठेवायला वापरले. त्यांना टोपी लागायची. आपण हाताने बांधलेली गाडी दुसऱ्याला हवीशी वाटली, त्याने चिठ्ठी टाकली, आणि आपण हसत किल्ली दिली, की त्यांच्या मते माणूस मोठा झाला. आधीच्या सहा गाड्या त्यांनी अशाच दिल्या, शीळ घालत घरी चालत आले. आणि ही सातवी, सगळ्यांत लाडकी, हिच्यासाठी कधी पुरेशा चिठ्ठ्याच नाहीत. पडल्या तेव्हा हिल्काने उचलल्याच नाहीत, कारण क्लबाचा नियम, पाचापेक्षा कमी असतील तर मालकाला परत.

म्हणूनच ते नऊ वर्षांपूर्वी तुझ्यावर तसे चिडले. मी त्या टेबलाशी होते, वाटाण्याचं सूप माझ्यासमोर निवत होतं. तू शेवटच्या फेरीपर्यंत पहिला होतास आणि बोटींच्या धक्क्याच्या वळणावर नाक बर्फात घातलंस. गाव म्हणालं, नशीब. बाबा म्हणाले, "मुद्दाम घातलंस."

तू म्हणालास, "हो, घातलं. टोपीत जाऊ द्यायची नव्हती मला ती."

"मग शर्यतीत कशाला नेलीस? खिडकीत ठेवायची होतीस, कुंडीसारखी."

त्यानंतर जे बोललात ते दोघांनीही बोलायला नको होतं. तू कोट घेतलास, आणि बाबांनी आजपर्यंत तुझं नाव घेतलं नाही. 'तो' म्हणतात. ताडपत्री मात्र त्यांनीच घातली, दर शरद ऋतूत जाऊन तिच्यावरचं पाणी झटकायचे. दिसेनासं झाल्यावरसुद्धा.

बस, एवढंच. पुन्हा नाही लिहिणार यावर.

सायमी

⁂

कोर्पीलाम्पी, २ मार्च, सकाळ

रेयो,

उणे अठ्ठावीस. नाकातले केस कडकडतायत. ट्रेलर जोडून झाला, कॉफी थर्मासमध्ये भरली, आणि निघायच्या आधी पाच मिनिटं आहेत.

तुझं उत्तर आलं नाही, म्हणजे होकार. असं मी गावाला सांगितलंय.

एक गोष्ट फक्त तुला लिहितेय. मला ती द्यायची नाहीये. गेले दोन महिने तिच्या बॉनेटखाली हात घालतेय, माझ्या अंगाला तिच्या तेलाचा वास येतो, आंघोळीने जात नाही आणि जावा असं वाटतही नाही. तिसरी येणं किती सोपं आहे ते मला कळतंय. तिसऱ्या गाडीला कोणी चिठ्ठी टाकत नाही. बाबांना सांगता येईल, बर्फ वाईट होता.

पत्र जाता जाता पेटीत टाकते. म्हणजे परत घेता येणार नाही.

सायमी

⁂

कोर्पीलाम्पी, २ मार्च, संध्याकाळ

रेयो,

आता तू हे सगळं पाहिलंच आहेस हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते. तू कडेवरून पाहिलंस, मी आतून.

सुरुवात बाबा म्हणाले तशीच. झेंडा पडला, पाचही जण पुढच्या चाकांनी ओढून निघून गेले आणि मी जागेवर, मागची चाकं टायरच्या खिळ्यांनी बर्फ खरवडतायत. कडेला कोणीतरी ओरडलं, "सायमे, लोटायला येऊ का?" तो आवाज मी ओळखला आहे, त्याच्या रस्त्यावरचा बर्फ मी या आठवड्यात सगळ्यांत शेवटी काढणार आहे.

दुसऱ्या फेरीला तळं घासून काचेसारखं झालं. त्या गाड्या वळणावर स्टेअरिंग पूर्ण फिरवूनही सरळच जात होत्या, आजोबा सासरवाडीला निघाल्यासारख्या. मी आधीच आडवी. एकाला आतून मागे टाकलं. पुढच्या वळणावर दुसऱ्याला. चौथ्या फेरीला शेपटी कडेच्या बर्फावर टेकवली, भिंतीला पाठ लावून उभं राहावं तशी, आणि रेस सोडली नाही. दोघं एकदम मागे गेले. कर्ण्यावर हिल्का काय बोलत होती ते कळत नव्हतं, पण तिचा आवाज चिरकत होता.

शेवटच्या फेरीला पुढे फक्त पेन्ती. त्याची पांढरी गाडी, मागच्या काचेवर जावयाच्या दुकानाची जाहिरात. आणि समोर धक्क्याचं वळण.

आता नीट वाच. सरळ रस्त्यावर माझा पाय उठला. वळणासाठी उचलतात तसा नाही, त्याच्या बराच आधी. मागे सगळे खूप लांब होते. दुसरी आले असते तर कोणी काही म्हणालं नसतं, आणि आज ती माझ्या अंगणात उभी असती. कडेचा बर्फ तिथेच होता, जिथे तू नाक घातलंस तिथेच. त्या क्षणी मला तू कळलास. नऊ वर्षं मी बाबांच्या बाजूने होते आणि तुला भित्रा समजत होते. भित्रा नव्हतास. तुला ती फार आवडत होती.

पण रेयो, ती नाक घालायला नाही रे बनवलेली. पाय परत खाली ठेवला. सगळा. आडवी केली, इतकी आडवी की पेन्तीचं तोंड मला बाजूच्या खिडकीतून दिसलं, आणि त्याचं उघडं होतं. शेपटी भिंतीला लागली, बर्फाचा ढग उठला, काही सेकंद मला काहीच दिसलं नाही, फक्त इंजिन ऐकू येत होतं. ढगातून बाहेर आले तेव्हा समोर कोणी नव्हतं. नुसतं तळं.

मी उतरले आणि आधी तिच्या बॉनेटवर हात ठेवला.

मग टोपी. हिल्काने नवऱ्याची तीच जुनी कोल्ह्याची टोपी काढली. चिठ्ठ्या टाकायला रांग लागली होती, रेयो. आपल्या गाडीसाठी रांग. मी किल्ली मुठीत धरून गाडीशेजारी उभी होते, किल्ली देईपर्यंत हलायचं नाही हा नियम, आणि मी मनात मोजत होते. पाच. सहा. नऊ. अकरा.

पहिलीच चिठ्ठी हिल्काने वाचली, "पेन्ती हूस्को." सगळं तळं हसलं. पेन्तीने मिश्यांवरचा बर्फ पुसला आणि म्हणाला, "हसता काय? घोडा कुठेही बांधावा, पळाला म्हणजे झालं."

सातव्या चिठ्ठीला ती अडली. चष्मा कपाळावर केला, कागद सूर्याकडे धरला. "हे कोणी पेनाने लिहिलंय? शाई गोठली, नुसते ओरखडे आहेत." मग स्वतःशी वाचलं. मग कर्णा खाली घेतला, माझ्याकडे बघितलं आणि परत वर घेऊन वाचलं, सावकाश.

"रेयो केम्पाइनन. तुर्कू."

कोणी हसलं नाही. कर्ण्याची नुसती खरखर ऐकू येत होती. हिल्काने दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मी मागे बघितलं आणि सॉसेजच्या टपरीपलीकडे शहरी पातळ कोटातला, पातळ बुटातला एक माणूस बघितला. परवाना नसला तर चिठ्ठी घेत नाहीत. म्हणजे यंदा तू परवाना काढलास. कशाला, तुर्कूच्या चिखलात चालवायला?

मग हिल्काने डोळे मिटून हात घातला आणि पेन्तीचं नाव निघालं.

मी तुझ्याकडे बघत होते आणि तू पाठ फिरवलीस. तुला माहीत होतं मला गाडी सोडून हलता येणार नाही. लबाड आहेस, लहानपणापासून. गर्दीने मला दाबून धरलं आणि तू गाड्यांच्या रांगेत दिसेनासा झालास.

मी हसत किल्ली दिली. नीट हसले, दात दिसतील असं. पेन्तीने टोपी काढली, उणे अठ्ठावीसमध्ये, त्या टकलावरून.

"सायमे, सुरू कशी करायची हिला?"

"तिसऱ्यांदा होते. पहिल्या दोन वेळा ती तुझी परीक्षा बघते."

"आणि वळणावर?"

"ब्रेक विसर. घाबरलास तर रेस दे."

"चाळीस वर्षं बापाचं ऐकलं नाही तुझ्या," तो म्हणाला, "आता मुलीचं ऐकतो." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. थंडीने असेल.

मी घरी चालत आले. तळ्यावरून, शीळ घालत. अर्ध्या वाटेत ओठ गोठले, म्हणून उरलेली वाट मनातल्या मनात घातली. गोठ्यात ताडपत्री पडली होती, ती घडी करून ठेवली. मग बसले आणि रडले, आणि रडतानाही मला फार अभिमान वाटत होता. दोन्ही एकदम होतं हे मला माहीत नव्हतं.

सायमी

⁂

कोर्पीलाम्पी, ४ मार्च

रेयो,

आज मंगळवार. वृद्धाश्रमात वाटाण्याचं सूप होतं आणि वर जॅम भरलेले बन. बाबांनी बन बाजूला ठेवला होता. मी दारात पाय ठेवायच्या आधीच म्हणाले, "किती?"

पहिली आले का, हे विचारलं नाही. नर्सने सांगितलं असेल. किंवा विचारायची गरज वाटली नसेल.

"अकरा," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही हात टेबलावर उघडे ठेवले आणि बोटं एकेक करून मिटली. दहा संपल्यावर अंगठा परत उघडला.

"नावं सांग."

मी सांगत गेले. पहिलं पेन्तीचं सांगितलं, तेव्हा इतके हसले की खोकला आला, पाणी द्यावं लागलं. दुसरं, तिसरं. कोण कुठला, कोणाचा मुलगा, प्रत्येकाला ते ओळखत होते, प्रत्येकाला मान डोलावली. सहा झाली आणि मी थांबले.

"सातवा?"

"सातवं हिल्काने दोनदा वाचलं."

"का?"

"शाई गोठली होती. पेनाने लिहिलेलं होतं."

"अठ्ठावीस उणे, आणि पेनाने?" बाबा म्हणाले. "कोण असा गाढव?"

"रेयो."

सूप निवत होतं. रस्त्यावरून एक गाडी गेली, त्यांनी ती ओळखली नाही. नर्स आत आली, आमच्याकडे बघून परत गेली. मला वाटलं, आता 'तो' म्हणतील, नाहीतर काहीच म्हणणार नाहीत.

"स्वतः आला होता?"

"टपरीपाशी उभा होता. पातळ बुटांत."

"आणि तिला मागितली."

"हो बाबा. सगळ्यांसमोर."

त्यांनी चमचा उचलला, सूप संपवलं, सगळं, ताटली वाकडी करून. मग म्हणाले, "पेन्तीला दम नाही तिला गोठ्यात ठेवायचा. पुढच्या लास्कियाइनेनला उतरवणारच तो. उतरवली की टोपी आली." ओठ पुसून म्हणाले, "रेयोला लिही."

नाव घेतलं, रेयो. मी दोनदा ऐकलं असं वाटलं, म्हणून मुद्दाम विचारलं, "कोणाला?"

"बहिरी आहेस का? रेयोला."

"काय लिहू?"

"पेन्सिल घेऊन ये म्हणावं."

एवढंच. मग बन खाल्ला, जॅम शर्टावर सांडला.

मी निघाले तर परत बोलावलं. खणात हात घालून चाचपून पेन्सिल काढली, खिशातून चाकू काढला, तुला माहीत असलेलाच तो, भूर्जाच्या मुठीचा. नर्स चाकू जवळ ठेवू देत नाही, कुठे लपवतात देव जाणे. मांडीवर रुमाल पसरून बोटाने टोक शोधत शोधत त्यांनी ती तासली. मी मदत करू का विचारलं, तर म्हणाले, "गप बस."

ती या पाकिटात घातली आहे. टोक जरा वाकडं आहे.

सायमी